व्हीएस कोड: नवख्या प्रोग्रामरच्या विंडोज लॅपटॉपवर कसा बसतो, कुठे अडतो

व्हिज्युअल स्टुडिओ कोड, म्हणजेच व्हीएस कोड, मायक्रोसॉफ्टने २०१५ साली जाहीर केला आणि २०१६च्या एप्रिलमध्ये त्याची १.० आवृत्ती आली. फुकट आहे, नोकरीधंद्याच्या कामालाही फुकट. हल्ली कुठल्याही कोर्सचा पहिला व्हिडिओ 'आधी व्हीएस कोड टाका' इथूनच सुरू होतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. व्हीएस कोड हा एडिटर आहे. त्याच्या पोटात पायथन नाही, सीचा कंपायलरही (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा बदलणारं सॉफ्टवेअर) नाही. चूल आणि गॅस वेगळा आणायचा, हा नुसता ओटा. हे न सांगितल्यामुळे पहिल्या दिवशी त्रिकोणी बटण दाबून काहीच न घडलेली मुलं 'माझा लॅपटॉपच खराब आहे' अशा निष्कर्षाला येतात.

इथे एवढंच तपासलंय: विंडोज १० किंवा ११चा साधा लॅपटॉप आहे, पायथन किंवा सी नुकतं शिकायला घेतलंय, तर व्हीएस कोड कितपत सोयीचा? थोडक्यात उत्तर असं की एडिटर म्हणून तो अव्वल आहे, पायथनसाठी पहिल्या दिवशी ठीकठाक, आणि सीसाठी पहिल्या दिवशी बराच त्रासदायक. त्रासाचं मूळ एकच. स्क्रीनवर लाल अक्षरं आली की ती विंडोजची, कंपायलरची की खुद्द एडिटरची हे नवख्याला कळत नाही, आणि व्हीएस कोडही ते नीट सांगत नाही. म्हणून या लेखातला क्रम सोडू नका: भाषा आधी बसवा, ती कमांड प्रॉम्प्टच्या साध्या काळ्या खिडकीत चालवून बघा, आणि मगच व्हीएस कोड उघडा.

डाउनलोड आणि इन्स्टॉल

नावावरून पहिली गफलत होते. 'व्हिज्युअल स्टुडिओ' हे मायक्रोसॉफ्टचंच पण वेगळं आणि कितीतरी जड सॉफ्टवेअर, जांभळ्या चिन्हाचं. आपल्याला निळ्या चिन्हाचा व्हीएस कोड हवा. जांभळं घेतलं तर ते 'वर्कलोड' निवडायला सांगतं आणि काही जीबी डेटा खातं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बसलेल्याचा दिवसभराचा कोटा तिथेच संपतो.

विंडोजसाठी दोन इन्स्टॉलर आहेत, यूजर आणि सिस्टम. यूजर घ्या. त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, त्यामुळे कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या मशीनवरही बसतो. इन्स्टॉल करताना एका पानावर चार-पाच चौकटी येतात. 'ॲड टू पाथ' आधीच टिक केलेली असते, ती तशीच राहू द्या. (पाथ म्हणजे कमांड दिली की विंडोज ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधतं त्यांची यादी.) 'ओपन विथ कोड'च्या दोन चौकटी रिकाम्या असतात, त्या टिक करा. मग कुठल्याही फोल्डरवर राइट क्लिक करून तो थेट व्हीएस कोडमध्ये उघडता येतो. ही सोय वाटते त्याहून मोठी आहे, कारण नवख्यांच्या निम्म्या अडचणी 'फोल्डर न उघडता नुसती फाइल उघडली' यातून येतात.

लॅबच्या मशीनवर काहीच इन्स्टॉल करू देत नसतील तर झिप आवृत्ती घ्या. ती पेन ड्राइव्हवर उलगडून, कोड डॉट ईएक्सईच्या शेजारी 'डेटा' नावाचं (इंग्रजीत, लहान अक्षरात) रिकामं फोल्डर बनवलं की सगळी सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन्स (व्हीएस कोडला जोडायची पूरक सॉफ्टवेअरं) त्यातच साठतात. पेन ड्राइव्ह जुना असेल तर उघडायला वेळ लागतो, पण चालतं.

जुन्या मशीनवाल्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. विंडोज ७ला चालणारी शेवटची आवृत्ती १.७०, विंडोज ८ आणि ८.१ला १.७९, आणि ३२ बिट विंडोजला १.८३. पायथनचंही तसंच: विंडोज ७वर ३.८च्या पुढचा पायथन बसत नाही. मायक्रोसॉफ्टच्या पानावर १ जीबी रॅम पुरते असं लिहिलंय. त्यावर फार विसंबू नका. व्हीएस कोड आतून ब्राउझरच आहे. ४ जीबीच्या लॅपटॉपवर शेजारी क्रोममध्ये व्हिडिओ चालू ठेवून पायथनचं एक्स्टेन्शन वापरलं की टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटायला लागतं. ८ जीबी असेल तर हा प्रश्न येत नाही.

काम कुठे ठेवायचं हेही आत्ताच ठरवा. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स नको. नव्या लॅपटॉपवर ही दोन्ही फोल्डरं बहुतेक वेळा वनड्राइव्हला जोडलेली असतात आणि पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या (एका कामापुरत्या लायब्रऱ्या वेगळ्या ठेवणारं फोल्डर) हजारो बारीक फाइली तो क्लाउडवर चढवत बसतो. शिवाय मार्गात स्पेस आणि कधी कधी देवनागरी अक्षरंही येतात, ती सीच्या जुन्या अवजारांना पचत नाहीत. सी ड्राइव्हवर थेट 'कोड' नावाचं फोल्डर करा आणि सगळा सराव तिथे ठेवा. आणखी एक, फाइल एक्स्प्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' (फाइलीच्या नावामागची डॉट पीवायसारखी शेपटं) दिसतील असं करा. नाहीतर नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली फाइल प्रत्यक्षात डॉट पीवाय डॉट टीएक्सटी असते आणि ते कळतही नाही.

पायथन: एक चौकट आणि एक उजवा कोपरा

पायथन डॉट ओआरजीवरचा नेहमीचा इन्स्टॉलर उघडला की पहिल्याच खिडकीच्या तळाशी 'ॲड पायथन डॉट ईएक्सई टू पाथ' ही चौकट असते आणि ती रिकामी असते. ती टिक करा, मग वरचं 'इन्स्टॉल नाऊ'. (या साइटवर आता 'पायथन इन्स्टॉल मॅनेजर' हा नवा मार्गही मिळतो, तो घेतला तर ही चौकट दिसणार नाही. सोबत बघत असलेला व्हिडिओ जुना असेल तर नेहमीचा इन्स्टॉलरच बरा.) शेवटी 'डिसेबल पाथ लेंग्थ लिमिट' असं बटण आलं तर दाबून टाका. विंडोजमध्ये फाइलच्या मार्गाला २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे, ती त्याने उठते.

आवृत्ती अगदी ताजी घेऊ नका. पायथनची नवी मोठी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास येते. पहिले काही आठवडे काही लायब्रऱ्यांच्या तयार फाइली तिच्यासाठी आलेल्या नसतात. मग पिप (पायथनच्या लायब्रऱ्या उतरवून बसवणारं साधन) ती लायब्ररी तुमच्याच मशीनवर कंपाइल करायला बघतं आणि 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड' म्हणून थांबतं. लोक तो संदेश वाचून पुन्हा ते जांभळं अवजड प्रकरण डाउनलोड करायला धावतात. गरज नसते. एक पायरी मागची आवृत्ती घेतली की काम होतं.

आता काळी खिडकी. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून 'पायथन', स्पेस, दोन डॅश आणि 'व्हर्जन' टाइप करा. आकडा आला तर पुढे चला. 'पायथन वॉज नॉट फाउंड' म्हणत मायक्रोसॉफ्ट स्टोअरचं नाव पुढे केलं तर तुमचा पायथन पाथमध्ये नाही आणि विंडोजने ठेवलेला एक पोकळ दुवा पुढे आलाय. सेटिंग्जमध्ये ॲप्स, तिथे 'ॲप एक्झिक्यूशन एलियासेस', आणि पायथनच्या नावाची दोन्ही बटणं बंद. मग तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवून 'मॉडिफाय' घ्या आणि पुढच्या पानावर 'ॲड पायथन टू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' टिक करा. पायथन काढून परत टाकण्याची गरज नाही.

एवढं झाल्यावर व्हीएस कोडची पाळी. डावीकडच्या चौकोनांच्या चिन्हावर जाऊन 'पायथन' शोधा आणि प्रकाशक मायक्रोसॉफ्ट, नावाशेजारी निळी खूण, असंच एक्स्टेन्शन घ्या. त्याच्यासोबत पायलान्स (कोड लिहिताना सूचना देणारं) आणि डीबगर (प्रोग्राम पायरीपायरीने चालवून चूक शोधणारं) आपोआप येतात. बाकी 'टॉप २० एक्स्टेन्शन्स'च्या याद्या सध्या बाजूला ठेवा. मग 'फाइल', 'ओपन फोल्डर', आणि सी ड्राइव्हवरचं आपलं फोल्डर. व्हीएस कोड विचारेल की या फोल्डरच्या लेखकांवर भरवसा आहे का. फोल्डर तुमचं आहे, हो म्हणा. नाही म्हटलं तर 'रिस्ट्रिक्टेड मोड' लागतो, डीबगिंगसारख्या गोष्टी बंद राहतात आणि का बंद आहेत ते वरच्या बारीक पट्टीत लिहिलेलं असतं. ती पट्टी कोणी वाचत नाही.

फाइल उघडल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात पायथनची आवृत्ती दिसते. लॅपटॉपवर दोन पायथन असतील (एक स्टोअरमधला, एक साइटवरचा, कधी ॲनाकोंडा या पायथनच्या तयार संचाचा तिसरा) तर 'पिपने टाकलं तरी मॉड्यूल नॉट फाउंड' हा प्रसिद्ध गोंधळ होतो. पिपने लायब्ररी एका पायथनमध्ये टाकली आणि व्हीएस कोड दुसराच चालवतोय. कोपऱ्यातल्या आकड्यावर क्लिक करून योग्य पायथन निवडा, आणि पिप कधीही एकटं वापरू नका. 'पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल' असं लिहिलं की ज्या पायथनला हाक मारली त्याच्यातच लायब्ररी जाते. कोणकोणते पायथन आहेत हे बघायला सीएमडीत 'वेअर पायथन' लिहा. व्हीएस कोडच्या आतल्या टर्मिनलमध्ये हेच लिहिलं तर काहीही दिसत नाही, कारण ते टर्मिनल पॉवरशेल, म्हणजे विंडोजचंच कमांड प्रॉम्प्टहून वेगळं टर्मिनल असतं आणि तिथे 'वेअर' ही वेगळीच कमांड आहे. तिथे 'वेअर डॉट ईएक्सई' असं पूर्ण लिहावं लागतं.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करायला कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'पायथन: क्रिएट एन्व्हायर्नमेंट', मग 'वेन्व्ह'. फोल्डरमध्ये डॉट वेन्व्ह तयार होतं. पुढचं टर्मिनल उघडल्यावर पॉवरशेल म्हणतं, 'रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड ऑन धिस सिस्टम'. बिघाड नाही. विंडोजचं मूळ धोरणच स्क्रिप्ट चालवू न देण्याचं आहे. धोरण बदलणारी कमांड आहे, पण नवख्याने त्या वाटेला न जाता कंट्रोल-शिफ्ट-पी, 'टर्मिनल: सिलेक्ट डिफॉल्ट प्रोफाइल', आणि 'कमांड प्रॉम्प्ट' निवडावं. वरचा 'वेअर'चा घोळही त्यातच मिटतो. मायक्रोसॉफ्टने विद्यार्थ्यांसाठी हेच आधीपासून का ठेवलं नाही, कळत नाही.

यानंतरही रन बटण दाबल्यावर 'सिंटॅक्स एरर' आला आणि तुमच्या प्रोग्राममध्ये चूक सापडत नसेल, तर टर्मिनलमध्ये तीन कोनी कंस दिसतायत का बघा. तिथे आधीच पायथन उघडं आहे आणि व्हीएस कोडने चालवायची आज्ञा थेट त्याच्या तोंडात टाकली आहे. 'एक्झिट' लिहून दोन कंस द्या, एंटर मारा. तसंच आधीचा प्रोग्राम इनपुटची वाट बघत असेल तर नव्या रनची आज्ञा त्याला उत्तर म्हणून जाते आणि 'व्हॅल्यू एरर' येतो. टर्मिनलवरचं कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबून नव्याने सुरू करा.

बरेच व्हिडिओ 'कोड रनर' हे दुसऱ्याच एकाचं एक्स्टेन्शन टाकायला सांगतात. छोटं आहे, झटपट आहे, पण मूळ मांडणीत ते निकाल 'आउटपुट' खिडकीत दाखवतं आणि त्या खिडकीत टाइप करता येत नाही. त्यामुळे इनपुट किंवा स्कॅनएफ असलेला प्रोग्राम नुसता अडकून राहतो. टाकायचंच असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये 'रन इन टर्मिनल' टिक करा. पायथनसाठी तर त्याची काहीच गरज नाही.

फाइलला रँडम, टर्टल, मॅथ अशी लायब्ररीची नावंही देऊ नका. टर्टल डॉट पीवाय नावाच्या फाइलमध्ये 'इम्पोर्ट टर्टल' लिहिलं की पायथन तुमचीच फाइल आत ओढतं आणि 'पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल' असा घाबरवणारा संदेश देतं.

सी: खरी कसोटी

महाराष्ट्रातल्या कित्येक पॉलिटेक्निक आणि इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये अजूनही निळ्या पडद्याचा टर्बो सी++ ३.० चालतो, डॉसबॉक्सच्या (जुने डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आधाराने. तो बोरलँडचा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा, १६ बिटचा. आजच्या ६४ बिट विंडोजवर थेट चालतच नाही. जर्नलही त्याच सवयीत लिहिलेलं असतं. त्यामुळे घरी व्हीएस कोड बसवणाऱ्याला दोन लढाया एकदम लढाव्या लागतात, कंपायलर बसवण्याची आणि जर्नलमधला कोड त्याच्या गळी उतरवण्याची.

कंपायलर म्हणून जीसीसी वापरायचा, आणि तो मिळवायला एमएसवायएस२ (विंडोजवर अशी अवजारं बसवून देणारं सॉफ्टवेअर) घ्या. इन्स्टॉलर सुचवतो तोच मार्ग ठेवा, सी ड्राइव्हवर एमएसवायएस६४. त्याला स्पेस आणि इंग्रजीबाहेरची अक्षरं चालत नाहीत. शेवटी यूसीआरटी६४चं टर्मिनल उघडतं. त्यात एमएसवायएस२च्या पहिल्याच पानावर दिलेली, पॅकमनने सुरू होणारी जीसीसीची ओळ कॉपी करून टाका. हाताने टाइप करू नका, त्या नावात चार डॅश आणि एक अंडरस्कोर आहे. कंट्रोल-व्ही तिथे चालत नाही, शिफ्ट-इन्सर्ट चालतं. 'प्रोसीड?' विचारलं की एंटर. मग तीच ओळ परत आणून शेवटच्या जीसीसीच्या जागी जीडीबी लिहा, म्हणजे डीबगर येईल. व्हीएस कोडच्या कागदपत्रांत पूर्ण 'टूलचेन' टाकायला सांगितलंय. त्यात बरंच जास्तीचं येतं. पहिल्या वर्षाला जीसीसी आणि जीडीबी पुरे.

पाथ इथे हातानेच घालायचा. स्टार्टमध्ये 'एडिट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स फॉर युअर अकाउंट' शोधा, वरच्या यादीतला 'पाथ' निवडा, 'एडिट', 'न्यू', आणि एमएसवायएस६४मधल्या यूसीआरटी६४च्या आतल्या 'बिन' फोल्डरचा पूर्ण मार्ग. दोन्ही खिडक्यांत ओके दाबा. लक्षात ठेवा, 'बिन' यूसीआरटी६४च्या आतला. एमएसवायएस६४मध्ये आणखीही 'बिन' आहेत आणि चुकीचा घातला तर जीसीसी सापडत नाही.

मग नवी काळी खिडकी, 'जीसीसी डॅश डॅश व्हर्जन'. 'इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड' आलं तर मार्ग पुन्हा तपासा. काळ्या खिडकीत चाललं पण व्हीएस कोडमध्ये नाही, तर व्हीएस कोडच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो पुन्हा उघडा. प्रोग्राम सुरू होताना त्या वेळचा पाथ घेऊन बसतो, नंतरचा बदल त्याला दिसत नाही.

आता मायक्रोसॉफ्टचं सी/सी++ एक्स्टेन्शन. फाइल उघडून एफ५ दाबल्यावर यादी येते. तीत 'जीसीसी डॉट ईएक्सई बिल्ड अँड डीबग ॲक्टिव्ह फाइल' निवडा. 'सीएल डॉट ईएक्सई' हा मायक्रोसॉफ्टचा वेगळा कंपायलर आहे, तो निवडला की 'डेव्हलपर कमांड प्रॉम्प्ट'मधून उघडा असा संदेश येतो. एकदा नीट चाललं की फोल्डरमध्ये डॉट व्हीएसकोड तयार होतं आणि त्यात टास्क्सची फाइल. ती बदलायची गरज पहिल्या सहा महिन्यांत फारशी पडत नाही. प्रोग्राम दोन-तीन फाइलींचा झाला तर हे बटण फक्त समोरची फाइल कंपाइल करतं आणि 'अनडिफाइन्ड रेफरन्स' देतं. तेव्हा टर्मिनलमध्ये सगळ्या फाइलींची नावं एकापुढे एक देऊन जीसीसी हाताने चालवा.

नवख्यांना हमखास गाठणारे संदेश, कारणांसकट:

'अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन'. दहांतल्या नऊ वेळा फाइल सेव्हच केलेली नसते. डिस्कवर ती रिकामी, रिकाम्या फाइलीत मेन नाही, म्हणून लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडून ईएक्सई बनवणारा भाग) विंडोजच्या पद्धतीचं मेन शोधतो. टॅबवर नावाशेजारी पांढरा ठिपका दिसला की सेव्ह झालेलं नाही. 'फाइल' मेनूत 'ऑटो सेव्ह' चालू करून टाका, डेस्कटॉप आवृत्तीत ते मुळात बंद असतं.

'परमिशन डिनाइड', आणि खाली 'एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस'. मागचा रन अजून चालू आहे, स्कॅनएफपाशी थांबलेला. त्याची ईएक्सई विंडोजने धरून ठेवली म्हणून नवी लिहिता येत नाही. टर्मिनल बंद करून परत करा. कधी नुकतीच बनलेली ईएक्सई अँटिव्हायरस उचलून नेतो. मग फाइलच गायब झालेली दिसते. आपल्या 'कोड' फोल्डरला तिथे सूट द्या.

इन्क्लूडच्या ओळीखाली लाल नागमोडी रेघ, पण प्रोग्राम चालतोय. ही तक्रार एडिटरची आहे, कंपायलरची नाही. कंट्रोल-शिफ्ट-पी घेऊन 'सी/सी++: सिलेक्ट इंटेलिसेन्स कॉन्फिगरेशन'मध्ये जीसीसी निवडा.

जर्नलच्या कोडचं म्हणाल, तर सीएलआरएससीआर इथे नाही. कोनिओची हेडर फाइल विंडोजच्या जीसीसीसोबत येते, गेटसीएच चालतं, पण सीएलआरएससीआर हे बोरलँडचं स्वतःचं. ती ओळ सरळ काढा. सी++ मध्ये आयोस्ट्रीमच्या मागचा डॉट एच काढा आणि खाली 'यूझिंग नेमस्पेस एसटीडी' घाला. 'व्हॉइड मेन' सी++ मध्ये एररच आहे, इंट मेन लिहायची सवय लावा. ग्राफिक्स डॉट एच लागणारी प्रॅक्टिकल्स मात्र लॅबच्या डॉसबॉक्सवरच उरका. ती इथे बसवण्यात दोन दिवस घालवण्यात अर्थ नाही.

उत्तरंही बदलू शकतात. टर्बो सीमध्ये इंट २ बाइटचा, कमाल ३२७६७. त्यामुळे ८चं फॅक्टोरियल तिथे उणे २५२१६ येतं. जीसीसीत इंट ४ बाइटचा, म्हणून बरोबर ४०३२० येतं आणि गाडी १२च्या फॅक्टोरियलपर्यंत नीट जाते. जर्नलमधल्या आउटपुटशी जुळलं नाही म्हणून सेटअप मोडून पुन्हा करू नका.

मराठी मजकूर

एडिटरमध्ये देवनागरी उत्तम दिसते. फाइली मुळातच यूटीएफ-८मध्ये सेव्ह होतात. आतल्या टर्मिनलमध्ये मात्र मात्रा आणि जोडाक्षरं विस्कटतात, कारण टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीचा कप्पा देतं. डेटा बिघडलेला नसतो, फक्त दिसायला वाईट. सीच्या प्रोग्राममधून देवनागरी छापताना कचरा आला तर आधी टर्मिनलमध्ये सीएचसीपी ६५००१ लिहा.

पायथनने फाइल वाचताना वेगळीच गंमत होते. आपल्याकडच्या बहुतेक विंडोजवर पायथन फाइल उघडताना सीपी१२५२ हे जुनं पाश्चात्त्य एन्कोडिंग धरतं. मराठी फाइलीत उकार, पाय मोडलेलं अक्षर, 'झ' किंवा 'ए' आला की त्यातला एखादा बाइट त्या तक्त्यात नसतो आणि 'यूनिकोड डीकोड एरर' येतो. असा एकही बाइट नसलेली ओळ एररशिवाय वाचली जाते, पण कचरा होऊन. ओपनच्या कंसात एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ स्पष्ट लिहिलं की दोन्ही सुटतं. पायथन ३.१५पासून तेच आपोआप धरलं जाणार आहे.

व्हॉट्सॲपवर किंवा नोट्सच्या पीडीएफमधून आलेला कोड चिकटवला की अवतरणचिन्हं वाकडी येतात आणि पायथन 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' म्हणून अडतं. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि प्रोग्राममध्ये देवनागरी १ पडला तरी तेच. गंमत म्हणजे प्रोग्राम चालू असताना इनपुटला १२ देवनागरीत दिले तर इंट ते विनातक्रार स्वीकारतं.

एआयची घाई

व्हीएस कोड उघडल्या उघडल्या हल्ली कोपायलट या एआय मदतनीसाला साइन इन करायला सांगतो आणि मग प्रत्येक अर्ध्या ओळीपुढे करड्या अक्षरांत उरलेलं लिहून देतो. कामावरच्या माणसाला ठीक. फॉर लूप पहिल्यांदा लिहिणाऱ्याला हे परीक्षेत शेजारच्याने उत्तर पुढे सरकवण्यासारखं घातक आहे. सेटिंग्जमध्ये 'डिसेबल एआय फीचर्स' शोधून टिक करा. तिथेच 'टेलिमेट्री' शोधून 'ऑफ' केलंत तर मायक्रोसॉफ्टकडे जाणारी वापराची माहितीही थांबते.

दुसरं काय घ्यावं?

पायथन आयुष्यात पहिल्यांदा, आणि लॅपटॉप ४ जीबीचा, असं असेल तर आमची शिफारस थॉनीची आहे. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात बनलेला हा एडिटर पायथन सोबतच घेऊन येतो (चौथ्या आवृत्तीत ३.१०), त्यामुळे पाथ, इंटरप्रिटर, पॉवरशेल या लेखातला निम्मा भाग वगळता येतो. एफ५ने चालवा, कंट्रोल-एफ५ने एकेक पायरी बघा. एखादं गणित आतून बाहेर कसं सुटत जातं ते तो पडद्यावर उलगडून दाखवतो. व्हीएस कोडचा डीबगर जास्त ताकदीचा आहे, पण इतकं समजावत नाही. फंक्शन्स आणि फाइली जमल्या की व्हीएस कोडवर या.

सीसाठी घाई असेल, उद्या प्रॅक्टिकल असेल, तर कोड::ब्लॉक्स. डाउनलोड पानावर नावात 'मिनजीडब्ल्यू-सेटअप' असलेलीच फाइल घ्या, तीत कंपायलर असतो. नुसती 'सेटअप' घेतली तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दिसायला जुनाट आहे, पण दहा मिनिटांत पहिला प्रोग्राम चालतो.

मशीनच धड नसेल तर गिटहब कोडस्पेसेसमध्ये ब्राउझरमधूनच व्हीएस कोड आणि लिनक्स मिळतं, वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास फुकट, म्हणजे २ कोअरच्या मशीनवर ६० तास. काम संपल्यावर ते हाताने थांबवायचं. व्हीएसकोडियम हा मायक्रोसॉफ्टची टेलिमेट्री वगळलेला भाऊ आहे. तत्त्व म्हणून चांगला, पण पायलान्स आणि मायक्रोसॉफ्टचं सी/सी++ एक्स्टेन्शन यांचा परवाना त्याला लागू होत नाही, म्हणून नवख्याला नको. उबुंटूवर मात्र हा सगळा पसारा 'बिल्ड-एसेन्शियल' आणि 'पायथन३-वेन्व्ह' या दोन पॅकेजांत आटोपतो.

शेवटी, सगळं इतकं बिघडलं की पुन्हा कोऱ्या पाटीवर सुरू करावंसं वाटलं, तर नुसतं अनइन्स्टॉल करून उपयोग होत नाही. सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन्स मागेच राहतात आणि नव्या व्हीएस कोडमध्ये तोच घोळ परत दिसतो. अनइन्स्टॉलनंतर तुमच्या यूजर फोल्डरमधलं डॉट व्हीएसकोड आणि ॲपडेटाच्या रोमिंगमधलं 'कोड' ही दोन फोल्डरं पुसा. ॲपडेटा लपवलेलं असतं. एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'हिडन आयटम्स' चालू केल्यावर दिसतं. सी ड्राइव्हवरचं 'कोड' फोल्डर वेगळं, त्यात तुमचा अभ्यास आहे, त्याला हात लावू नका.